घरातली मोकळी जागा : बीदर–कलबुर्गी सीमाभागातला चौक, ओसरी आणि परस

निमित्त

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एका प्रश्नावरून दोन तट पडले. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावाकडच्या घराला मधोमध चौक आहे. दक्षिणोत्तर अठरा फूट, पूर्वपश्चिम बावीस फूट. चारही बाजूंना सोपे, वर माळवद, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात मोरी, मध्ये तुळस. धाकट्या भावाचं म्हणणं होतं की या चौकावर स्लॅब टाकावा. पावसाचं पाणी आत येतं, धूळ येते, माकडं उतरतात, आणि मुलीला अभ्यासाला वर एक खोलीही निघेल. मी कलबुर्गीत राहणारा, शाळामास्तरकीतून निवृत्त झालेला, इतिहास मंडळात वर्षाला दोन निबंध वाचणारा. साहजिकच मी म्हणालो, चौक झाकायचा नाही.

भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही वर्षातून चार दिवस येता. आम्ही इथं राहतो." बोलणं बरोबर होतं. म्हणून मी वाद थांबवून मोजपट्टी काढली. चौक कसा आखला आहे, पाणी कुठून कुठं जातं, ऊन कधी कुठं पडतं, हे आधी कागदावर उतरवावं आणि मग बोलावं, असं ठरवलं. मापं घेताना दारात बसलेल्या काकूंनी विचारलं, "काय मोजलालास रे?" चौक मोजतोय म्हटलं, तर त्या नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला चार दिवसांनी कळला. तो पुढं सांगतो.

आजकाल घराबाहेर बसायची जागा तयार करायची म्हटलं की बंगल्यापुढचं गवत, लोखंडी झोपाळा, वर प्लास्टिकचं छत अशी चित्रं डोळ्यांपुढं येतात. आपल्या भागात ही गोष्ट नवी नाही. घर बांधून उरलेल्या जागेत अंगण करायचं, अशी इथली पद्धतच नव्हती. मोकळी जागा आधी आखली जाई आणि खोल्या तिच्याभोवती उभ्या राहत. हे कसं, ते या निबंधात मांडतो.

कल्याणचा राजा आणि बाहेरचे खेळ

सुरुवात बसवकल्याणपासून करू. बीदर जिल्ह्यातलं हे आजचं तालुक्याचं गाव बाराव्या शतकात कल्याणी चालुक्यांची राजधानी होतं. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने (कारकीर्द ११२७ ते ११३८) ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचं दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. पाच विंशती, शंभर अध्याय. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो एका उल्लेखामुळं. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ओवीच्या जुन्या उल्लेखांत त्याची गणना होते.

पण त्याच ग्रंथाच्या शेवटच्या विंशतीत क्रीडांची यादी आहे, तिकडं आपलं लक्ष कमी जातं. वनक्रीडा, झोपाळ्यावरची आंदोलनक्रीडा, पाणी उडवण्याची सेचनक्रीडा, जळातली तोयक्रीडा, हिरवळीवरची शाद्वलक्रीडा, वाळूवरची वालुकाक्रीडा, चांदण्यातली ज्योत्स्नाक्रीडा. नीट पाहा, ही विभागणी पायाखाली काय आहे आणि वेळ कोणती आहे यावर केलेली आहे. गवत, वाळू, पाणी, चांदणं. मोकळ्या जागेचा विचार करताना आजही हेच दोन प्रश्न आधी विचारावे लागतात.

म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात लिहिलेल्या एका ग्रंथात उघड्या जागेचे दोन उपयोग आले आहेत. एकीकडं चांदण्यात खेळणारा राजपरिवार, दुसरीकडं कांडण करताना गाणाऱ्या बायका. जागा उघडीच, पण एकासाठी ती विरंगुळ्याची आणि दुसरीसाठी कामाची. हा फरक मी तेव्हा वहीत टिपून ठेवला नव्हता. काकूंनी तो टिपायला लावला.

बीदरचा किल्ला : आधी पाणी

आता बीदरला जाऊ. १३४७ साली गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, बहमनी राज्य स्थापन झालं. अहमदशहा वली बहमनी याने राजधानी बीदरला हलवली, ती १४२० ते १४३० या दशकात. कारणं राजकीय होतीच. पण उन्हाळ्यात कलबुर्गीहून बीदरला गेलेला माणूस आणखी एक कारण सांगेल, हवा. बीदरचं पठार उंचावर आहे आणि वर जांभ्या दगडाचा जाड थर आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि पठाराच्या कडेला झऱ्यांनी बाहेर पडतं. नानक झिरा आणि झरणी नरसिंह ही दोन्ही ठिकाणं या पाण्यावरच आहेत. नौबादजवळचा करेझही, म्हणजे जमिनीखालून खोदलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर ओळीने काढलेली विहिरीसारखी तोंडं, याच गुणधर्मावर बेतलेला आहे. ही विद्या इराणकडून आली, पण ती इथं रुजली ती इथल्या दगडामुळं.

किल्ल्यात सोळा खांब मशिदीपुढं लालबाग आहे. ही मशीद १४२३–२४ ची. बागेच्या मध्यावर हौद आणि त्याला जोडलेला पाण्याचा पाट. झाडं, वाफे, वाटा यांची मांडणी त्यांच्या अनुषंगानं येते. बाग आखणाऱ्याने आधी पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार हे ठरवलं, मग बाकीचं.

जवळच गगन महाल आहे. त्याला बाहेरचा आणि आतला असे दोन चौक आहेत. बाहेरच्या चौकात पहारेकरी आणि कारभाराची माणसं, आत सुलतानाचा परिवार. आपल्याकडच्या मोठ्या वाड्यांत बाहेरचा चौक बैठकीचा आणि आतला माजघराचा अशी जी वाटणी दिसते, तीच ही. राजवाडा आणि वाडा यांत खर्चाचा फरक आहे, कल्पनेचा नाही.

गावातल्या महमूद गवानच्या मदरशात (१४७२) तर चौक हाच इमारतीचा प्राण आहे. गवान इराणच्या गिलान प्रांतातून आलेला. मदरशाची इमारत बाहेरून २०५ फूट लांब, १८० फूट रुंद. मध्ये उघडा चौक आणि चारी बाजूंना तीन मजली खोल्या. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने तिचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या भागात उभं राहिलं तरी लक्षात येतं की खोल्यांना उजेड आणि वारा मुख्यतः चौकातून मिळतो. उन्हाचा ताप असलेल्या देशांत हीच युक्ती पुनःपुन्हा दिसते. इराणी घरांतला हौदाचा चौक, रोमन घरातलं उघड्या छताचं दालन, स्पेनमधला पातिओ. बाहेरच्या भिंती बंद, आतून आकाश उघडं.

आमचं घर : खणांचा हिशेब

आमचं घर देशमुखी वाडा नव्हे. साधं चौसोपी घर. पण आखणीचे नियम तेच. सीमाभागात घर फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ते ठरे हाताशी असलेल्या लाकडाच्या तुळईवरून. चौकाच्या कडेचे खांब आधी उभे राहत. म्हणजे चौक किती खणी, यावर घर किती मोठं हे ठरायचं.

शब्द पाहिले तरी तीन भाषांचं हे घर आहे. आम्ही चौक, अंगण, ओसरी, परस म्हणतो. शेजारचे कन्नड बोलणारे अंगळ, पडसाले, हित्तलु म्हणतात. दख्खनी बोलणारे सहन, दालान म्हणतात. आणि देवडी सगळेच म्हणतात. १९५६ साली १ नोव्हेंबरला जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. पण या चारी दिशांना आजही जुनी घरं पाहिली तर माळवद, ढेलज आणि चौक यांची ठेवण ओळखीची वाटते.

माळवदाबद्दल तरुण वाचकांसाठी दोन शब्द. तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचन, त्यावर पाला आणि मग पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती पाणी सहजी आत घेत नाही. उजेडासाठी आणि धुरासाठी माळवदात सवणं ठेवायचं. पावसाचं पाणी पन्हाळीतून बाहेरच्या बाजूला काढायचं. उन्हाळ्यात रात्री झोपायला सगळे माळवदावर. म्हणजे घराला उघड्या जागा तीन. मध्ये चौक, मागं परस, वर माळवद. प्रत्येकीची वेळ वेगळी.

मापं घेऊन झाल्यावर मी उन्हाचा हिशेब केला. आपला भाग साधारण १८ अक्षांशाच्या थोडा खाली येतो. मे महिन्याच्या मध्याजवळ आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडं झुकतो आणि अकरा फूट उंच भिंतीची सावली जवळपास दहा फूट पडते. आमच्या चौकाचं दक्षिणोत्तर माप अठरा. म्हणजे थंडीत दुपारी चौकाचा दक्षिण अर्धा भाग सावलीत राहतो, आणि उत्तरेचा भाग व उत्तरेच्या सोप्याची कड उन्हात येते. दक्षिणेचा सोपा उत्तरेकडं उघडा, त्यामुळं त्यात दुपारचं ऊन वर्षभर जवळजवळ शिरतच नाही.

आता आठवलं. आजी थंडीत कायम उत्तरेच्या सोप्यात बसायची, वाती वळायची. चैत्रापासून तिची घोंगडी दक्षिणेच्या सोप्यात जायची. आम्ही म्हणायचो, म्हातारीचं लहरी मन. ती घराच्या आखणीप्रमाणं वागत होती.

पाण्याचंही तसंच. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या चौकात नऊशे-साडेनऊशे लिटर पाणी जमतं. फरशीला ईशान्येच्या मोरीकडं उतार दिलेला आहे, अठरा फुटांत तीन-साडेतीन इंच. नजरेला दिसत नाही, पण घागर उपडी केली तर पाणी बरोबर मोरीकडं धावतं. मोरीतून ते परसातल्या केळीला जाई. आता आत पाणी साचतं याचं कारण चौक उघडा आहे हे नव्हेच. मधे कधीतरी नळाची पाइप टाकताना चार फरश्या उचलल्या आणि उलट्या उतारावर बसवल्या, हे आहे.

दगड : जांभा आणि शहाबादी

बीदर शहराचा दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, करवतीसारख्या हत्याराने कापता येतो आणि वाऱ्यावर राहिला की घट्ट होतो. किल्ल्याभोवतीचे तिहेरी खंदक याच खडकात खोदलेले आहेत. पण जांभ्यात पाणी मुरतं, पावसाळ्यात शेवाळ धरतं. म्हणून तो भिंतीला आणि कट्ट्याला चांगला, चौकाच्या जमिनीला नव्हे.

चौकाचा खरा दगड कलबुर्गी जिल्ह्याने दिला. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा पट्टा भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीचा. हा खडक पुस्तकाच्या पानांसारखा थराथराने सुटतो, म्हणून फरशी काढायला सोपा. त्या भागात भिंतीला आणि छतालाही फरशाच वापरलेली घरं दिसतात. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग सोलापूरहून पुढं वाढत १८७१ साली रायचूरला पोचला आणि वाटेत शहाबाद आणि वाडी ही स्टेशनं आली. १८७४ साली वाडीहून सिकंदराबादकडं निजामाची रेल्वे सुरू झाली. तिथून या फरशीला पाय फुटले. पुण्यामुंबईच्या चाळींच्या गॅलऱ्या, वाड्यांचे चौक, शाळांचे व्हरांडे, स्वयंपाकघराचे ओटे, सगळीकडं 'शहाबादी'. कित्येकांना ते गावाचं नाव आहे हेही ठाऊक नसतं. मी कलबुर्गीला राहतो म्हटल्यावर पुण्यातल्या एका परिचिताने विचारलं होतं, "शहाबादी म्हणजे शहाबाद तिकडं आहे होय?"

आमच्या चौकातली फरशी काकूंच्या लग्नाच्या आदल्या वर्षी लॉरीतून आली. त्याआधी जमीन सारवलेली होती. काकू सांगतात, "फरशी आली तेव्हा सासूबाईंना वाईट वाटलं, सारवायचं सुटलं म्हणून. मला नाही वाटलं."

चौक कुणाचा होता?

आता काकूंच्या हसण्याकडं येतो. चार दिवस मापं घेऊन, नकाशा काढून, मी रात्री जेवणानंतर सगळ्यांपुढं चौकाचं कौतुक मांडलं. उजेड, वारा, सूर्य, पाणी. भाऊसुद्धा ऐकत होता. सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, "लेकरा, तुला चौक आवडतो, कारण तुला तो कधी झाडावा लागला नाही."

मग त्या बोलत राहिल्या. पहाटे सडा, मग पाणी, मग भांडी. वाकून घासायची, कारण मोरी जमिनीबरोबर. पावसाळ्यात स्वयंपाकघरातून न्हाणीत जायचं तर भिजत. पुरुषमाणूस देवडीत बसलेला असला की पदर डोक्यावर घेऊन कडेकडेनं. बाहेरचा ओटा पुरुषांचा. रस्त्यावरून कोण जातंय, कुणाकडं पाहुणे आले, हे बायकांनी ढेलजेच्या दाराच्या फटीतून बघायचं. "आकाश दिसायचं बाबा. माणसं दिसत नव्हती."

याला मी काय उत्तर देणार होतो? गगन महालाचे दोन चौक मी नकाशावर शिकवले होते. आतल्या चौकातली माणसं काय म्हणाली असती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आणखीही एक रेघ होती, आणि ती आपल्या भागातल्या निबंधांत सहसा येत नाही. गावातल्या दलित वस्तीतली माणसं आमच्या घरी कामाला यायची. त्यांची हद्द बाहेरच्या पायरीपर्यंत. काही कामांसाठी परसाच्या मागच्या दारातून. चौकात नाही. आजी सुपातून धान्य देताना वरून टाकायची, हे मी लहानपणी पाहिलं आहे. चौक मोजताना ही हद्दसुद्धा मोजली पाहिजे. ओटा, पायरी, देवडी, चौक, माजघर ही नुसती बांधकामाची नावं नाहीत. कोण कुठपर्यंत, याची ती यादी आहे.

आणि चौक आसराही झाला होता. १९४८ च्या वर्षात आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी फार सोसलं. आधी रझाकारांचा जुलूम, सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर उगवलेला सूड. आजी सांगायची की आधीच्या महिन्यांत चार घरच्या बायका-पोरं आमच्या चौकात निजायची, ढेलजेचं दार आतून अडसर लावून. आणि नंतरच्या आठवड्यात दोन मुसलमान शेजारणी आपल्या लेकरांना घेऊन त्याच चौकात होत्या. आजी हे एका दमात सांगायची, मोठेपणा न घेता. एकच दार असलेलं, आत तोंड केलेलं घर बांधणाऱ्यांच्या मनात नुसतं ऊन नव्हतं, भीतीही होती.

१९९३ नंतर

आपल्या भागातले चौक का गेले, याची कारणं लोक सांगतात ती अशी. घरं वाटली, भावाभावांत भिंती पडल्या, पोरं शहरात गेली. ती खरी आहेत. पण एक कारण तारखेसकट सांगता येतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. किल्लारीपासून आळंद आणि बसवकल्याण काही फार लांब नाही. धक्के इथंही बसले.

त्या पहाटे आमच्या घरची माणसं धावत चौकात आली. मग आजोबांनी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि शेतात नेलं. चौकात चारी बाजूंना भिंती, त्या आत पडल्या तर? सुटायला जागा नाही. पुढं कित्येक रात्री गाव शेतात निजलं.

माळवदाचा दोष त्याच्या कल्पनेत नव्हता, देखभालीच्या सवयीत होता. गळलं की नवा मातीचा थर, जुना न काढता. पन्नास-साठ वर्षांत ओझं दुप्पट-तिप्पट व्हायचं. भिंती बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही बाजूंना बांधणारे आरपार दगड कमी. हालल्यावर त्या फुगून सुटत. पण माणसं मेलेली पाहिल्यावर हे बारकावे कोण ऐकणार? लोकांनी माळवद, माती आणि चौक तिन्ही एकदमच सोडलं. स्लॅब आला. गंमत अशी की स्लॅबचं सिमेंटही बरंचसं त्याच शहाबाद–वाडी–सेडम पट्ट्यातल्या चुनखडीचं. ज्या खडकाने चौकाला जमीन दिली, त्याच खडकाने चौक झाकला.

म्हणून भावाची भीती मला खोटी म्हणता आली नाही. चौक ठेवायचा तर आधी भिंती आणि छत सुरक्षित करावं लागणार होतं. नुसत्या प्रेमाने ते होत नाही.

आम्ही काय ठरवलं

शेवटी चौक राहिला. पण होता तसा नाही. कुणाला असंच काम करायचं असेल, म्हणून क्रमाने लिहितो.

आधी ओझं. माळवदावरचे जुने मातीचे थर उतरवले, ते दीड हाताहून जास्त निघाले. तुळया तपासल्या, दोन बदलल्या. स्थापत्य अभियंत्याच्या सल्ल्याने भिंतींत जागोजागी आरपार दगड घातले आणि वरून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधला. नवं छत हलकं केलं. माळवद गेलं याचं मला वाईट वाटतं, पण त्याखाली भावाची लेकरं निजतात.

मग बाहेर पडायची वाट. चौकातून परसात जाणारं दुसरं रुंद दार काढलं. भूकंपाच्या पहाटे आजोबांना जे हवं होतं ते हेच. आणि काकूंनाही हेच हवं होतं, कारण आता स्वयंपाकघरातून परसात जायला देवडीसमोरून जावं लागत नाही.

मग पाणी. फरशा खडूने आकडे घालून उचलल्या. भालकीकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी हलवते. दीड फूट काळी माती काढून मुरूम भरला, पाणी मारून चोपला, उतार पुन्हा मूळचा केला. त्याच फरशा त्याच आकड्यांनी बसवल्या. सांधे चुन्यात भरले. मोरीचं पाणी पुन्हा परसात, केळी आणि अळूला.

मग सावली. चौकाच्या मधे झाड लावायचं नाही, मुळं फरशी आणि पाया दोन्ही उचलतात. लिंब परसातच बरा. भिंतींत जुन्या लोखंडी कड्या होत्या, लग्नाचा मांडव बांधायच्या. त्याच कड्यांना एप्रिल-मेपुरतं जाड कापड ताणायचं आणि पाऊस यायच्या आधी काढायचं. माकडांसाठी जाळी लावायची का, यावर अजून एकमत नाही.

पुतणीची खोली ढेलजेवर निघाली. तिला खिडकीतून रस्ता दिसतो.

आणि शेवटी बसायची जागा. मी चौकात दगडी बाक सुचवला होता. काकूंनी नको म्हटलं. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. भांडी घासायला कमरेएवढ्या उंचीचा ओटा, आणि घराबाहेर रस्त्याकडं तोंड करून एक कट्टा, "बायकांना बसायला." तो बीदरच्या जांभ्यात बांधला. त्याला पायरीची हद्द ठेवली नाही, ज्याला बसायचं त्यानं बसावं. पहिल्या आठवड्यात तिथं कोणी बसेना. आता संध्याकाळी जागा मिळत नाही, आणि भाऊ म्हणतो गलका फार होतो.

मंडळाच्या सभासदांना आणि हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घराचा, आजोळचा, शेजारचा चौक झाकला जाणार असेल तर त्याच्याआधी एक दिवस मापं घ्या. लांबी, रुंदी, भिंतीची उंची, दिशा, दगड कुठला, उतार कुणीकडं, पाणी कुठं जातं, कड्या कुठं आहेत. तीन भाषांतली नावं लिहून घ्या. ठेवायचा की झाकायचा, ते त्या घरात राहणाऱ्यांनी ठरवावं. पण मापं घेऊन झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, इथं कोण येत होतं, कोण येत नव्हतं, आणि झाडत कोण होतं. त्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. माझा चार दिवस अपुरा होता.